शेंड्याची भाकर

आये, तू जेवायचीस का गो? एवढंच विचारायचंय, आणि त्यासाठी सकाळपासून मी घरभर फिरते आहे. चहा केला, तो ओट्यावरच गार झाला. पेपर उघडला नि मिटला. कुंड्यांना पाणी घातलं, थोड्या वेळाने पुन्हा घातलं. सून म्हणाली, "आई, तुम्हाला काही हवंय का?" म्हटलं, "नको गं." तिला काय सांगू? इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला मला एक प्रश्न विचारायचाय नि उत्तर द्यायला ती नाही, असं सांगू? गेल्या रविवारी तुझी धाकटी लेक येऊन गेली. बोलता बोलता हसत हसत असं काही बोलून गेली, की तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ती काय बोलली ते सांगणार आहे, पण तिथूनच सुरुवात केली तर मी नुसती तुझ्याशी भांडत बसेन. माझं तोंड तुला ठाऊक आहे. तेव्हा आधी आपण कवळाला जाऊ.

हल्ली कवळ म्हणजे काय तेसुद्धा सांगावं लागतं. ऐनाच्या, किंजळीच्या पानाळ फांद्या तोडायच्या, भारे बांधून डोक्यावरून खाली आणायचे नि वाळवून ठेवायचे. शिमग्याच्या आत सगळं उरकायला हवं, नंतर ऐनाचं पान गळून जातं. मग उन्हाळ्यात भाताची, नाचणीची रोपं जिथे करायची ती जागा भाजायची. खाली शेण, त्यावर हा कवळ, त्यावर गवत-पाचोळा, सगळ्यांत वर बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून द्यायचं, म्हणजे आग धावत सुटत नाही, सावकाश रांगत जाते. हा आपला राब. राब चांगला भाजला तर रोप जोमाचं, रोप जोमाचं तर वर्षाचं पोट भरलं. आपल्या ताटातला घास ऐनाच्या पानातून येतो हे आपल्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगायचं, त्याला शाळेची गरज नव्हती. आणि बाप्ये सगळे मुंबईला, मिलमध्ये नाहीतर गोदीत. मग झाडावर चढणार कोण? तुम्ही बाया. तू कासोटा घट्ट मारतेस, कमरेला कोयता अडकवतेस, नि सरसर वर जातेस. मी खाली उभी, मान वर करून. "बाजूस हो गो, डोळ्यात कचरा जाईल," तू वरून ओरडतेस. फांदी खाली येते, तिच्याबरोबर मुंगळे येतात, ते माझ्या मानेवर चढतात. तू खालून तोडत तोडत वर जातेस आणि वरचा शेंडा राहिला की थांबतेस. तिथे कोयता लावायचा नाही. मी एकदा विचारलं, का? तू म्हणालीस, "शेंडा घेत नायत." एवढंच. मी म्हटलं, पण का? "घेत नायत म्हंजे घेत नायत. तुजं तोंड हाय का भिंगरी?"

एका पौषात तुला चालवेना. पाय सुजलेले, चार पावलं चढलीस की छातीला हात. आजीने कुणाकडून तरी निरोप धाडला नि बा सुट्टी काढून आला. आला तो मुंबईच्या घाईने आला. "तू गप पडून ऱ्हा, एवडा काय मोटा जॉब हाय तो," म्हणाला आणि कोयता घेऊन डोंगरात गेला. दुपारी फडक्यात भाकरी बांधून तू निघालीस. "आय, मी नेते," म्हटलं तर ऐकलं नाहीस, मागून मी. चढण संपली, आणि तू अशी थबकलीस की मी तुझ्यावर आदळले. आपले पाण्याच्या वाटेवरचे सगळे ऐन बोडके. न्हाव्यापुढे बसून उठल्यासारखे. खालपासून वरपर्यंत एक पान नाही. आणि बा खाली बसून बिडी ओढतोय, बाजूला भाऱ्यांची रास, चेहऱ्यावर कोण आनंद!

"अवो, शेंडे कुटं हायत?" तू विचारलंस.

"भाऱ्यात. हे बग, फुल भारे बांदले. एका झाडाचं सामान तू दोन झाडांत काढतीस, मी एकातच काढलं. टाईम वाचला."

"झाडाला काय ठेवलंत?"

बा हसला. "झाडाला काय ठेवायचं? झाड काय पंगतीला बसतंय?"

आजीसमोर कधी बाच्याकडे मान वर करून न बघणारी तू, त्या दिवशी त्या उघड्या डोंगरावर त्याच्या अंगावर केवढ्याने ओरडलीस! "माज्या आयशीनं नाय घेतला शेंडा, तुमच्या आयशीनं नाय घेतला. आनि तुमी आलात मुंबईवरनं सुटी संपायच्या आदी भारे बांदायला!" मग खाली बसलीस आणि रडलीस. बाची बिडी हातातच विझली. तो बिचारा वाईट नव्हता गो, त्याला खरंच वाटलं होतं की तुझं काम हलकं केलं. भाकरीचं फडकं तुझ्या मांडीवर तसंच राहिलं. पुढच्या वर्षी त्या झाडांना नुसत्या छड्या फुटल्या, बोटाएवढ्या, पानं विरळ. एक ऐन तर उभ्या उभ्या वाळला. कवळासाठी तुला लांबच्या डोंगराच्या दांडावर जावं लागलं, सुजल्या पायांनी. बाची सुट्टी कधीच संपली होती.

त्या जूनमध्ये मी महाडला गेले. वाडीतली शाळा संपली होती आणि आजी म्हणाली होती, "पोरगी गेली तर कवळ कोन वाहील?" तू म्हणालीस, "मी वाहीन." मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. आता ते 'मी वाहीन' आठवलं की उठून चालायला लागते. मामाच्या घरी ठेवलंस मला, गांधारी नदीच्या बाजूला, पावसात उंबऱ्यापर्यंत पाणी यायचं तिथे. मामा एसटीच्या डेपोत, मामीच्या घरात माणसं खच्चून भरलेली. तिला मी बोल लावत नाही. पाणी भरायचं, भांडी घासायची, दप्तर घ्यायचं नि पळायचं.

आणि शाळेत शास्त्राचे सर. उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात कायम खडू. एक दिवस त्यांनी फळ्यावर खालून वर काढलं: गवत, त्यावर टोळ, त्यावर बेडूक, त्यावर साप, सगळ्यांत वर घार. विचारलं, "यात मोठं कोण?" सगळा वर्ग ओरडला, "घार!" सर म्हणाले, "बरं. घारीला महिनाभर सुट्टी देऊ. काय होईल? साप जरा माजतील. आता गवताला सुट्टी देऊ." आणि डस्टर घेऊन खालचं गवत पुसलं, मग टोळ पुसला, बेडूक पुसला, एकेक करत घारीपर्यंत गेले नि फळा कोरा करून टाकला. उत्पादक हा शब्द मला पुढे पुस्तकात भेटला, पण माझ्यासाठी उत्पादक म्हणजे तो कोरा फळाच. मला बाचं ते पंगतीचं बोलणं आठवलं नि मी उठून विचारलं, "सर, सगळे पानाचं खातात. मग पान काय खातं?" पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत.

त्यांनी जास्वंदीच्या एका पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून ठेवली, झाडावरच. एकदोन दिवसांनी ते पान तोडून स्पिरिटमध्ये उकळून पांढरंफटक केलं आणि त्यावर आयोडीन टाकलं. उन्हातला भाग काळानिळा झाला, पट्टीखालचा तसाच राहिला, फिकट. "काळं झालं तिथे अन्न तयार झालंय. ऊन, पाणी आणि हवा, एवढ्या सामानावर. कुणाला मारलं नाही, कुणाकडे मागितलं नाही." मी पुन्हा उभी. मला ना, एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली. "पण सर, ते आधी कोण खातं?" सर म्हणाले, "ते पानच. झाड स्वतः. त्यालाही जगायचंय, वाढायचंय, मुळं पोसायचीत. स्वतः केलेल्यातलं ते आधी स्वतःला घेतं, त्याचं भागून उरतं ते टोळाला, गाईला, तुला नि मला. आधी पोटोबा मग विठोबा, हे झाडाला माणसाआधी कळलंय." वर्ग पुन्हा हसला. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो बोडका ऐन. शेंडा म्हणजे झाडाचा स्वतःचा घास! त्याला पोटापुरती पानं ठेवली तर ते पुढच्या वर्षी तुम्हाला देणार. तू सांगू शकली नव्हतीस ते मला महाडात कळलं, आणि कधी एकदा तुला सांगते असं झालं.

दिवाळीच्या सुट्टीत एसटीने पोलादपूर आणि तिथून चढण. मी धापा टाकत आत आले तर तू चुलीपुढे, नाचणीची भाकर थापतेस. धाकटी पाटावर बसून भिजवलेल्या पिठाच्या गोळ्याशी खेळते, आजी बाहेर उन्हात पाय पसरून. तू मला जवळ घेतलंस, पीठ माझ्या केसांना लागलं. "मामी पोटभर वाढते ना गो?" तू विचारलंस. "वाढते," मी म्हटलं आणि दप्तर टाकून लगेच पानाची गोष्ट सुरू केली. फळा, घार, काळी पट्टी, आयोडीन. तू थापत होतीस, "हं, हं" करत होतीस. आणि मी म्हटलं, "आये, पान आधी सोता खातं!"

तुझे हात थांबले. "आदी सोता खातं?"

"हो."

"आनि मंग बाकीच्यांना?"

"हो, मग बाकीच्यांना."

तू विचार केलास आणि म्हणालीस, "मंग त्याला सासू नसंल."

आणि काय हसलीस गो तू! पदर तोंडात कोंबून हसलीस, खोकला येईस्तोवर हसलीस. बाहेरून आजी, "काय झालं गो दात काडायला?" तू म्हणालीस, "काय नाय आत्या, पोरगी पानाची गोष्ट सांगते." तुझं ते हसणं मला सगळ्यांत जास्त आठवतं. शिकवत होते तेव्हा दरवर्षी हा धडा आला की त्या जागी माझं मलाच हसू फुटायचं आणि पोरांना वाटायचं, बाईंना वेड लागलं.

पण मी तिथे थांबले असते तर मी कसली! मी म्हटलं, "शेंडा हा झाडाचा घास. बाने तो काढला म्हणून झाड वाळलं. मग आये, तुझा शेंडा कुठाय?" कारण मी बघत होते ना. आजी जेवणार, बा असला तर बा, आला-गेला, मग आम्ही पोरी, आणि मग तू टोपलीच्या तळाशी राहिलेले तुकडे गोळा करणार, त्यावर कालवणाच्या मडक्यात पाणी फिरवून घेणार. कधी तेही नाही. "मला भूकच नाय" हे तुझं ठरलेलं. तुझं हसू पुसलं गेलं. "लय शिकलीस," तू म्हणालीस. "म्हाडाला धाडली ती शिकायला. आयशीनं कवा जेवायचं ते सांगायला नाय धाडली. ऊठ, पानी घेऊन ये." तव्यावर भाकर अशी आपटलीस की पीठ उडालं. मी कळशी घेऊन रडत रडत ओढ्यावर गेले. धाकटी माझ्या मागे मागे, "बाय, का रडतीस?" करत.

मग माघात तू आजीबरोबर महाडच्या बाजाराला आलीस. मी शाळेतून धावत आले, तर बांगड्यांच्या दुकानापुढे माणसं गोळा झालेली आणि मध्ये तू जमिनीवर. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, मलाही दिसली, कागदासारखी पांढरी. डॉक्टर आजीला म्हणाले, "बाईच्या अंगात रक्त नाही. ही जेवते का?"

"जेवते की. मागनं."

"मागनं म्हणजे?"

"समद्यांचं झालं की."

"मग आजी, आजपासून हिला पुढनं जेवायला घाला. औषध देतो, पण औषधाने पोट भरत नाही."

आजी स्टँडपर्यंत पुटपुटत होती, "आमी काय मागनं नाय जेवलो? मेलो काय?" खरंच होतं गो तिचं. तिनेही तिच्या सासूसाठी तेच केलं होतं, तिला कुणी पुढनं वाढलं नव्हतं. तरी स्टँडवर तिने एक केळं घेतलं, सोललं, आणि दुसरीकडे बघत तुझ्यापुढे धरलं. तू ते अर्धं मोडून मला दिलंस. मी चिडले. तिथेच, एसटीच्या धुरात, लोकांसमोर रडायला लागले. "तू मरशील, आये. त्या ऐनासारखी उभी वाळशील." तू मला खांबामागे ओढलंस. "गप गो. लोक बगतात. मी राखीन शेंडा."

"कसा?"

तू आवाज खाली आणलास. "भाकरी थापाय बसली की पयली एक बारकी थापीन. माजी. चुलीपाशीच उरकून टाकीन, कुनाला कलायचं नाय. मंग तर झालं?"

"रोज?"

"रोज."

"माझी शपथ घे."

तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. "शपथ नको घालूस गो. म्हटलं ना, राखीन." तुझी एसटी लागली, तू चढलीस. खिडकीतून हात बाहेर काढून मला माघारी जायची खूण केलीस, आणि मी उड्या मारत मामीकडे गेले. तू शपथ घेतलीच नाहीस, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता गेल्या रविवारपासून तो तुझा हात माझ्या तोंडावर आहे.

तिथून ते आपलं गुपित झालं. सुट्टीत घरी आले की पहिला प्रश्न, "शेंडा राखलास?" आणि तू गालात हसून, "राखला." आजी विचारायची, "कसला शेंडा?" तू म्हणायचीस, "ऐनाचा वो, आत्या." मी डोळ्यांनी बघितलंय, तू पहिली भाकर तळहाताएवढी थापायचीस, भाजून चुलीच्या कडेला उभी करून ठेवायचीस. आणि मग मला काही ना काही काम निघायचं. "पानी आन." "म्हस सोड." "आजीस हाक मार." परत येईस्तोवर चुलीची कडा रिकामी. मी खूश! मला कुठे ठाऊक की खाताना आपण हिला एकदाही बघितलेलं नाही. शास्त्राची एवढी हुशार विद्यार्थिनी, पानाला पट्टी लावून बघणारी, मला चुलीपाशी थांबून बघायला काय झालं होतं?

मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला असताना भादव्यात तू गेलीस. साधा ताप. नदी-ओढे भरलेले, तुला डोलीतून खाली आणेपर्यंत उशीर. डॉक्टर बाला म्हणाले, तापाशी झुंजायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. बाने मला ते सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर खेकसले, "असं कसं? ती जेवत होती!" आणि इतकी वर्षं मी तेच धरून बसले. ताप वाईट होता, ओढा भरला होता, रस्ता नव्हता, पण माझी आई जेवत होती. शाळेत उत्पादकांचा धडा आला की दर वर्षी मी मुलांना सांगायची, पान आधी स्वतः खातं, तुमच्या आईला घरी जाऊन सांगा. पालकसभेला बाया यायच्या, सुकलेल्या, घाईतल्या, त्यांना सांगायची, माझी आई अडाणी होती पण पहिली बारकी भाकर स्वतःची थापायची. छाती फुगवून सांगायची. त्यांतल्या काहींनी मला पुढे येऊन सांगितलंय, की बाई, आम्ही पण तसं करतो. आणि एक सांगते, गॅदरिंगला कुणी आई म्हणजे झाड, आई म्हणजे सावली असलं भाषण ठोकायला लागलं की माझं डोकं फिरायचं. मेल्यांनो, झाड तुमच्या आईपेक्षा शहाणं आहे!

तर गेल्या रविवारी धाकटी आली. आता धाकटी कसली, नातवंडं आहेत तिला. अंगाने भरलेली, गुडघे दुखतात, जिना चढताना देवाचं नाव घेते. शुगर आहे म्हणून मी तिच्यासाठी नाचणीच्या भाकरी करत होते. ती ओट्याशी येऊन उभी राहिली, परातीत राहिलेला पिठाचा गोळा तिने उचलला आणि तळहातावर बारकी भाकर थापली. म्हणाली, "ही माझी. आये मला अशीच द्यायची बघ."

मी विचारलं, "कधी?"

"रोज गो, बाय. सकाळी चुलीपाशी मांडीवर घेऊन बसायची. सगळ्यांच्या आधी. मऊ असते ना पहिली, तव्याला नीट ताप आलेला नसतो. मोडून मोडून भरवायची. म्हणायची, 'गुपचूप खा गो. आजीला नको सांगू नि बाय आली की बायला तर मुळीच नको सांगू.' म्हणून तर मी अशी फुगले!" आणि हसली. तुझंच हसू आहे तिचं, पदर तोंडात कोंबून हसते.

माझ्या हातातली भाकर तव्यावर करपली. तिला काय ठाऊक? तिच्यासाठी ती लहानपणीची सगळ्यांत गोड आठवण. तिला मी काहीच सांगितलं नाही, सांगणारही नाही. म्हटलं, "हो गं, तिच्या हातची भाकर गोडच." आणि तेव्हापासून फिरते आहे. अगं, जे झाडाकडून कुणी घेऊ नये तेसुद्धा तू वाटून टाकलंस? बाने शेंडा काढला म्हणून डोंगरावर त्याची अब्रू काढलीस, आणि तू रोज सकाळी स्वतःच्या हाताने काय करत होतीस? माझ्याशी खोटं बोललीस. वर्षानुवर्षं, गालात हसून. मी लोकांच्या आयांना तुझा दाखला देत फिरले! आणि मग वाटतं, पोर समोर पाटावर बसलेली, पिठाच्या गोळ्याशी खेळणारी, तोंडाकडे बघणारी. तिच्यासमोर तू पहिला घास तोंडात घालणार होतीस कशी? निदान अर्धी तरी खायचीस का गो? एखादा तुकडा? बघ, पुन्हा तेच विचारते आहे.

हे पत्र कुठे टाकणार? आपल्या वाडीच्या नावाने टाकलं तर तिथे घ्यायला कोण आहे, सगळी दारं मुंबईला गेली. घडी करून फडताळात ठेवीन आणि धाकटी यायची असली की जागा बदलीन. बाहेर सून जेवायला हाका मारते आहे, "आई, तुम्ही बसून घ्या आधी." मी लावलेली शिस्त आहे ती या घरात. जाते. पण भांडले इतकं, तर एक सांगून जाते. त्या रविवारी भाकर करपली तेव्हा मला तुझी कीव आधी नाही आली, आये. धाकटीचा हेवा आला आधी. तू दर सुट्टीत विचारायचीस, मामी पोटभर वाढते ना गो, आणि मी म्हणायची, वाढते. नव्हती वाढत. मीपण मागनंच जेवायची. चढण चढून घरी यायची ना, तेव्हा चुलीच्या कडेला उभ्या असलेल्या त्या बारक्या भाकरीचा वास यायचा, आणि ती तुझी म्हणून मी पाण्याला निघून जायची. मलाही भूक असायची गो.